तिसरी पिन शोभेची नसते! घरातल्या विजेचे २० झटके

लाईट गेली की आपण आधी खिडकीतून समोरच्या इमारतीत डोकावतो. त्यांचीही गेली असेल तर जिवाला बरं वाटतं. फक्त आपलीच गेली असेल तर वायरमनला फोन जातो. विजेशी बहुतेकांचा संबंध इथवरच. महिन्याचं एक बिल, ओळखीचा एक वायरमन आणि पोरांवर ओरडायला एक ‘हात लावू नकोस रे!’. पण त्या गुळगुळीत स्विचबोर्डामागे काय चालतं ते समजून घेतलं, तर करमणूक होते आणि वेळप्रसंगी जीवही वाचतो. तर घ्या, हे वीस झटके. सगळे न लागणारे.

१. बोर्डावर २३०, तारेत ३२५

घरात २३० व्होल्टची वीज येते, हे शाळेत पाठ केलेलं असतं. प्रत्यक्षात तारेतला दाब क्षणभरही एका जागी टिकत नाही. शून्यावरून तो ३२५ व्होल्टपर्यंत चढतो, उतरतो, शून्य ओलांडून उलट्या दिशेने पुन्हा ३२५ गाठतो. असे ५० फेरे दर सेकंदाला. मग २३० कुठून आले? या चढउतारावर हीटर जेवढा तापतो, तेवढाच तो २३० व्होल्टच्या स्थिर विजेवर तापेल, म्हणून. बिलासाठी हा हिशेब ठीक आहे. अंगाला मात्र ३२५ चं शिखरही सोसावं लागतं.

२. इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत

बटण दाबलं की कोयनेहून निघालेले इलेक्ट्रॉन धावत आपल्या पंख्यात येतात, असं वाटतं ना? तसं काही होत नाही. आलटून पालटून वाहणाऱ्या एसी विजेत इलेक्ट्रॉन झोपाळ्यावर बसल्यासारखे जागच्या जागी पुढे-मागे होतात. घरातल्या नेहमीच्या तारेतून एक अँपिअर करंट जात असेल, तर हा झोका केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही छोटा असतो. वेगाने येते ती ऊर्जा, जवळपास प्रकाशाच्या वेगाने. इलेक्ट्रॉन बापडे तुमच्या घरातल्या तारेतलेच, वायरिंग झाल्या दिवसापासूनचे.

३. सोलापूरने जोडला देश

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातली टर्बाइनं मिनिटाला ३,००० फेरे घेतात. सेकंदाला ५०, म्हणून आपल्या घरात ५० हर्ट्झ. ग्रिडला जोडलेलं देशातलं प्रत्येक जनित्र याच ठेक्यात बांधलेलं असतं. मनाला येईल तसं फिरायची कुणाला मुभा नाही. दक्षिण भारत मात्र बरीच वर्षं स्वतःच्या वेगळ्या ठेक्यावर चालत होता. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाईन सुरू झाली आणि सगळा देश एका ग्रिडवर आला. नकाशावर ही गाठ जिथे बसली, ते एक टोक आपल्या सोलापुरात आहे.

४. नऊ मिनिटांची परीक्षा

५ एप्रिल २०२०, रात्री नऊ वाजता. लॉकडाऊनमध्ये देशाने नऊ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावल्या. घराघरांत वातावरण भारलेलं, ग्रिड सांभाळणारे मात्र घामाघूम! कारण एसी वीज साठवून ठेवता येत नाही. जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार करावी लागते. मागणी घटली की जनित्रं जोरात फिरू लागतात, वाढली की मंदावतात. त्या रात्री मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने कोसळली आणि पुन्हा उसळली. झटपट चालू-बंद करता येणाऱ्या जलविद्युत केंद्रांनी तोल सावरला. कुठेही अंधार झाला नाही. लोकांनी स्वतः केला तेवढाच.

५. हरलेली डीसी मागच्या दाराने घरात

१८८० च्या दशकात अमेरिकेत जुंपली होती. एडिसन एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीच्या बाजूने, वेस्टिंगहाउस आणि टेस्ला एसीच्या बाजूने. एसी जिंकली, कारण ट्रान्सफॉर्मरने तिचा दाब हवा तसा चढवता-उतरवता येतो. दाब चढवला की तेवढ्याच ऊर्जेला करंट कमी लागतो, तारा कमी तापतात आणि वीज शेकडो किलोमीटर दूर पोचते.

पण डीसी संपली नाही. न्यूयॉर्कमधला एडिसनच्या काळापासूनचा डीसी पुरवठा २००७ पर्यंत चालू होता. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर, आणि मुंबईच्या हार्बर मार्गावरून डीसीने निरोप घेतला थेट २०१६ मध्ये. चंद्रपूर ते पडघा ही ७५२ किलोमीटरची लाईन आजही डीसीच आहे. फार लांबच्या पल्ल्याला आणि प्रचंड दाबाला तीच परवडते. आणि घरात बघा. मोबाईल, लॅपटॉप, एलईडी दिवा, टीव्ही, नवा बीएलडीसी पंखा, सगळे आतून डीसीवर चालतात. भिंतीतून एसी घेतात आणि पोटात डीसी करतात.

६. एका देशाची दोन विजा

जपानमध्ये तोक्योकडे ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने जनित्रं आणली जर्मनीतून, ओसाकाने अमेरिकेतून. ती चूक आजतागायत मिटली नाही. २०११ च्या भूकंपानंतर पूर्व जपानात विजेचा दुष्काळ पडला, तेव्हा पश्चिमेकडची वीज हवी तेवढी पाठवताच आली नाही. मधली रूपांतर केंद्रं अपुरी पडली.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. पुण्याहून नेलेला मिक्सर तिथे रडतखडत फिरेल, चटणीला वेळ लागेल इतकंच. तिथून आणलेला टोस्टर इथे थेट लावला, तर मात्र टोस्टसकट जळेल.

७. डीपी कोणत्या सुरात गुणगुणते?

कोपऱ्यावरच्या डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ, उभं राहिलं की एक अखंड ‘हूंऽऽ’ ऐकू येतं. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकत्वामुळे सूक्ष्मपणे ताणला जातो आणि पूर्ववत होतो. विजेच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा, म्हणून सूर १०० हर्ट्झचा. अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर १२० हर्ट्झवर गुणगुणतो, म्हणजे आपल्यापेक्षा वरच्या पट्टीत. शांत असलेली डीपी चांगली समजू नका. बहुधा लाईट गेलेली असते.

८. फिरतंय, पण थांबल्यासारखं दिसतंय

जुन्या चोकची ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा मंदावते आणि उजळते. डोळ्याला कळत नाही, मोबाईलच्या कॅमेऱ्यात मात्र पट्टे उमटतात. खरा धोका कारखान्यात. या लुकलुकीशी ठेका जुळला, तर गरगर फिरणारं लेथचं चाक थांबल्यासारखं दिसू शकतं आणि कामगाराचा हात पुढे जाऊ शकतो. यावर साधा उपाय असतो. शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वेगवेगळ्या तारांवर, टाकायच्या, म्हणजे एक मंदावते तेव्हा दुसरी उजळ असते.

९. चिमणीला शॉक का बसत नाही?

दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणून. करंट वाहायला दोन जागांच्या दाबात फरक लागतो. चिमणीच्या दोन पायांमध्ये तो जवळपास नसतोच. वटवाघळाचं नशीब तितकं चांगलं नाही. त्याच्या लांब पंखांनी एकाच वेळी दोन तारा गाठल्या की खेळ खलास. आता आपलं बघू. आपण एकाच तारेला हात लावतो, तरी शॉक बसतो. का?

१०. जमीनही तारच आहे

या एका मुद्द्यात निम्मं अर्थिंग आलं. डीपीवरचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, मुद्दाम जमिनीशी जोडलेला असतो. त्यामुळे फेजमधून निघालेल्या करंटला ट्रान्सफॉर्मरकडे परतायला दोन वाटा असतात, एक न्यूट्रलची तार आणि दुसरी जमीन. तुम्ही जमिनीवर उभे राहून फेजला हात लावला की तुम्हीच दुसऱ्या वाटेचा भाग होता. हात, छाती, पाय, फरशी, माती आणि परत डीपी. वीज ‘जमिनीत मुरते’ असं आपण म्हणतो. मुरत वगैरे काही नाही. ती आल्या घरी परतते, वाटेत तुम्ही असा किंवा नसा. घरातली सगळी सुरक्षा या परतीच्या वाटेतून तुम्हाला बाजूला काढण्यासाठी आहे.

११. लांब, जाड आणि बिनकामाची वाटणारी पिन

प्लगची वरची पिन नीट पाहा. ती लांब असते, कारण प्लग लावताना आधी अर्थ जोडला जावा आणि काढताना तो सर्वांत शेवटी सुटावा. ती जाड असते, कारण चुकूनही ती फेजच्या भोकात शिरू नये. हे गोल पिनांचे प्लग आपल्याला इंग्रजांनी दिले. १९४७ मध्ये त्यांनी स्वतः चौकोनी पिनांचा नवा प्लग आणला. आपण मात्र जुना जपला.

बऱ्याच चांगल्या सॉकेटमध्ये तिसऱ्या भोकात पिन गेल्याशिवाय खालच्या दोन भोकांवरचं झाकण उघडत नाही. लहान मुलांनी बोट किंवा खिळा घालू नये म्हणून ही सोय. आपण काय करतो? तिसऱ्या भोकात पेन खुपसून टू-पिन घुसवतो, आणि ते तंत्र पोरांना दाखवूनही ठेवतो!

१२. खड्ड्यात मीठ-कोळसा

इमारतीच्या कोपऱ्यात छोटं झाकण असलेला खड्डा असतो. आत लोखंडी पाइप किंवा तांब्याची पत्री, भोवती मीठ आणि लोणारी कोळशाचे थर. यात टोटका काही नाही. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीला वीजवाहक बनवतं. म्हणून उन्हाळ्यात या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची पद्धत आहे. कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या कातळावर चांगलं अर्थिंग जमवताना वायरमनचा कस लागतो, कारण कोरडा दगड वीज नेत नाही. आता तयार पावडर भरलेलं ‘केमिकल अर्थिंग’ही मिळतं. तत्त्व तेच, ओल टिकवायची.

१३. सर्वांत महागात पडणारी दोन इंच तार

घराला अर्थिंग नाही, पण फ्रिजला तर थ्री-पिन सॉकेट हवं. मग कुणी हुशार सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांना दोन इंच तारेने जोडून देतो. सगळं छान चालतं. एक दिवस न्यूट्रल कुठेतरी तुटतो किंवा सैल होतो. फेजचा करंट फ्रिजच्या मोटरमधून न्यूट्रलवर येतो, तिथून त्या दोन इंच तारेवरून फ्रिजच्या अंगावर. आता फ्रिजचं हँडल म्हणजे २३० व्होल्ट. अर्थिंग नसणं वाईट, खोटं अर्थिंग त्याहून वाईट. ‘अर्थ कुठून घेतला?’ हे वायरमनला तोंडावर विचारा.

१४. एमसीबी तुमच्यासाठी नाही

घरात एमसीबी आहे, आता शॉकची भीती नाही, हा समज घरोघरी आढळतो. गणित करू. माणसाच्या छातीतून ०.१ अँपिअर करंट गेला, तर हृदयाचा ठोका बिघडून जीव जाऊ शकतो. एमसीबीवर काय लिहिलंय? १६ अँपिअर. तुमचा जीव घ्यायला लागतो त्याच्या १६० पट करंट ती बिनतक्रार जाऊ देते. एमसीबीचं काम आहे भिंतीतली तार जळू न देणं. वायर वाचते, घर आगीपासून वाचतं. जुन्या किटकॅट फ्यूजचंही काम तेच. त्यात सारखा उडतो म्हणून जाड तार घालणाऱ्याने तर तेही काम बंद पाडलेलं असतं.

१५. वजाबाकी करणारं यंत्र

तुमच्यासाठी असते ती आरसीसीबी. दिसायला एमसीबीच्या चुलत बहिणीसारखी, पण अंगावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं एक छोटं बटण आणि ‘३० एमए’ असा आकडा. ती एकच काम करते, वजाबाकी. फेजमधून जेवढा करंट घरात गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का? ३० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा ३३ वा भाग, एवढा जरी कमी पडला तरी कुणाच्या तरी अंगातून तो जमिनीत जातोय असं धरून ती पडते. मोठी गळती असेल तर सेकंदाच्या २५ व्या भागात. हृदयाचा एक ठोका पुरा व्हायच्या आत.

झटका तरीही बसतो, हे लक्षात ठेवा. फक्त तो फार वेळ टिकत नाही. आणि तिची एक मर्यादाही आहे. लाकडी स्टुलावर बसून एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात, तर वजाबाकी शून्यच येते. तिच्या लेखी तुम्ही एक दिवा आहात.

१६. अर्थिंग आहे ना, मग आरसीसीबी कशाला?

पुन्हा गणित. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम आहे. म्हणजे बरा आहे. गीझरच्या टाकीला फेज चिकटला. २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत. घरगुती वापरातली ‘सी’ प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ वर ती तापत बसते आणि काही सेकंदांनी पडते. तेवढा वेळ गीझरच्या नळाशी ओल्या अंगाने कोण उभं आहे? आरसीसीबी याच गळतीवर लगेच पडते. म्हणून दोन्ही हवेत. अर्थिंग करंटला वाट देतं, आरसीसीबी ती वाट बंद करते.

१७. ‘विजेने धरून ठेवलं’ हे खरं आहे

करंट लागलेला माणूस तारेला चिकटला, असं आपण ऐकतो. वीज ओढून घेत नाही. आपलेच स्नायू घात करतात. हाताची मूठ आवळणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा जोरकस असतात. करंटने दोन्ही आकुंचन पावतात आणि मूठ आवळली जाते. अमेरिकेतल्या चार्ल्स डाल्झील या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हे मोजलं. पुरुषांना सरासरी १६ आणि स्त्रियांना १०.५ मिलिअँपिअरच्या पुढे तार सोडता येत नव्हती. याच डाल्झील यांनी पुढे गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण बनवलं. अमेरिकेत ते फक्त ५ मिलिअँपिअरला पडतं.

ओल्या हाताचं गणितही इथेच. कोरड्या कातडीचा रोध लाखभर ओहमपर्यंत असू शकतो. भिजल्यावर तो हजाराच्या आसपास येतो. तोच स्विच, तेच २३० व्होल्ट, पण करंट शंभरपट.

१८. लॅपटॉपच्या झिणझिण्या आणि न विझणारा दिवा

चार्जिंगला लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवला की झिणझिण्या येतात? चार्जरमध्ये गोंगाट गाळणारा एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून मिलिअँपिअरहून कमी करंट लॅपटॉपच्या अंगावर येतो. थ्री-पिन चार्जर खऱ्या अर्थिंगला जोडा, झिणझिण्या गायब. हे नवल तसं निरुपद्रवी. पण फ्रिजला, गीझरला किंवा वॉशिंग मशीनला हात लावून तसंच वाटलं, तर गंमत समजू नका. त्याच दिवशी वायरमन बोलवा.

दुसरं कोडं म्हणजे बटण बंद केल्यावरही मिणमिणणारा एलईडी. कधी शेजारून गेलेल्या तारेमुळे बंद तारेत किंचित करंट उमटतो आणि एलईडीला तेवढा पुरतो. कधी कारण गंभीर असतं. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असतो. म्हणजे दिवा बंद, पण होल्डरमध्ये फेज जिवंत. दिवा बदलायला चढलेल्याला हे कुणी सांगत नाही.

१९. टेस्टर पेटला नाही म्हणजे?

टेस्टरच्या मागच्या टोकाला अंगठा लावला की आतला निऑन पेटतो, कारण करंट तुमच्या अंगातूनच जातो! मध्ये साधारण दहा लाख ओहमचा रोधक असल्यामुळे तो पाव मिलिअँपिअरहूनही कमी असतो, तुम्हाला कळतही नाही. पण उजेडात निऑन दिसला नाही, आतला दिवा गेलेला असला किंवा तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असलात, तर तारेत फेज असूनही टेस्टर गप्प राहू शकतो. आधी चालू सॉकेटमध्ये टेस्टर तपासा, मग बंद तारेला लावा.

आणि तारेच्या रंगावर जीव टाकू नका. आपल्या वायरिंगच्या जुन्या पद्धतीत लाल, पिवळा, निळा हे तीन फेज आणि काळा न्यूट्रल. उपकरणाच्या वायरमध्ये मात्र तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे निळा इथे फेज, तिथे न्यूट्रल! अमेरिकेत तर काळा फेज आणि पांढरा न्यूट्रल. हिरवा किंवा हिरवा-पिवळा तेवढा सगळीकडे अर्थ.

२०. सहाच्या बोर्डावर सोळाचं बिऱ्हाड

लहान सॉकेट ६ अँपिअरचं. २३० ने गुणा, १,३८० वॉट झाले. इस्त्री १,००० वॉटची, चालेल. मिक्सर ७५० ची, चालेल. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर दोन्ही? गेलं. २,००० वॉटचा गीझर, इंडक्शन शेगडी किंवा पाण्याचा रॉड जवळपास नऊ अँपिअर खातो. त्याला १६ चंच सॉकेट लागतं. तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट तर तार चौपट तापते. प्लग गरम लागतोय, बोर्ड पिवळा पडलाय, जळकट वास येतोय, या तीन गोष्टी आगीच्या आधीच्या सूचना आहेत.

पावसाळ्याची पुरवणी

आपल्याकडे दर पावसाळ्यात एक बातमी ठरलेली. कपडे वाळत घालायची लोखंडी तार पत्र्याच्या शेडला बांधलेली, शेडवरून गेलेल्या सर्व्हिस वायरचं आवरण घासून फाटलेलं, सगळ्या पत्र्यात करंट उतरलेला. ओले कपडे टाकायला गेलेली बाई चिकटते, सोडवायला धावलेला नवराही चिकटतो. उपाय दहा-वीस रुपयांचा आहे. लोखंडी तार काढा, प्लॅस्टिकची किंवा नायलॉनची दोरी बांधा.

विजेच्या खांबाला आणि त्याच्या ताणाच्या तारेला जनावर बांधू नका. तुटलेली तार जमिनीवर पडली की भोवतालच्या जमिनीत दाब पसरतो, जवळ जास्त आणि दूर कमी. पायांत जेवढं अंतर जास्त, तेवढा दाबातला फरक जास्त. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, म्हणून माणूस वाचतो तिथे बैल जातो. अशा ठिकाणी सापडलात तर पळू नका. पाय जुळवून, न उचलता, छोट्या छोट्या घसरत्या पावलांनी मागे सरका आणि १९१२ वर कळवा.

गणपतीत मांडवाच्या लोखंडी पाइपवरून उघड्या जोडांची वायर ओढू नका. मंडळाने तात्पुरतं अधिकृत कनेक्शन घ्यावं आणि त्यावर आरसीसीबी बसवावी. वर्गणीतला हा सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च ठरेल.

शॉक बसला तर

* माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा.
* मेन दूर असेल, तर कोरड्या जागी उभं राहून कोरडी लाकडी काठी, बांबू किंवा प्लॅस्टिकची खुर्ची वापरून तार बाजूला करा. हे घरगुती विजेपुरतंच. रस्त्यावरच्या हायटेन्शन तारेजवळ मुळीच जाऊ नका.
* १०८ किंवा ११२ ला फोन करा.
* शुद्ध नसेल आणि श्वास चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नका.
* माणूस उठून बसला, ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा ठोका नंतरही बिघडू शकतो.

या रविवारी एवढं करा

मेन बोर्ड उघडून बघा. ‘टी’ बटण असलेली आरसीसीबी दिसते का? दिसली तर ते बटण दाबा. घरातली वीज गेली पाहिजे. नाही गेली तर ती निकामी आहे. ही तपासणी महिन्यातून एकदा करत जा. दिसलीच नाही, तर परवानाधारक वायरमनला बोलवून बसवून घ्या आणि त्याच फेरीत अर्थिंग मीटर लावून मोजून घ्या. डोळ्यांनी बघून नव्हे. देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्याने दगावतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. आरसीसीबीची किंमत एका बऱ्या मिक्सरहून कमी आहे. मिक्सर तुम्ही घेतलेलाच आहे. आता हीही घ्या.